मागचं चाक

चेसिसवर सोळा पट्टे होते. डाव्या दांडीवर सात, उजव्या दांडीवर सात आणि मधल्या दोन आडव्या दांड्यांना एकेक असे दोन. पंधरा कंपनीतून आले तसेच राखाडी होते, धुळीखाली शाबूत. सोळावा, डाव्या पुढच्या चाकाच्या जरा मागचा, काळा पडला होता आणि त्याच्या कडा करपलेल्या भाकरीसारख्या फुगून वर आल्या होत्या. प्रणाली विरकरने पाठीवर पडल्या पडल्या टॉर्चचा झोत पुन्हा एकदा सगळ्या पट्ट्यांवरून फिरवला. पंधरा धड, एक जळका.

पिकअप आधी तिच्या धाकट्या भावाची, धैर्यशीलची होती. तो मोठा ट्रक घेत होता आणि प्रणालीला रोपवाटिकेसाठी बॅटरीवरची, आवाज न करणारी, कमी खर्चाची गाडी हवीच होती. घरातली गाडी घरातच राहिली. म्हसवडच्या अलीकडे तिची डाळिंबाच्या रोपांची रोपवाटिका होती आणि गाडीत काय काय बदल करायचे ते तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. हौद्यात दोन मजली मांडणी बसवायची, वर शेडनेटचं छत घालायचं आणि मागचे जादा पाटे उतरवायचे.

पाट्यांची गोष्ट अशी की, माणदेशात कोणी पिकअप घेतली की नारळ फोडण्याआधी पाटे चढवतात. कंपनी मागच्या बाजूला पोलादाचे पाच पाटे एकावर एक बांधून देते. तेवढ्यावर गाडी कंपनीच्या मापात भार उचलते, आणि कंपनीच्या मापात भार उचलणारा माणूस ह्या भागात अजून जन्मायचा आहे. धैर्यशीलनेही दोन्हीकडे तीन-तीन पाटे वाढवले होते. कांद्याला ते बरे, पण रोपांना नाहीत. ताठ गाडीत मुळांभोवतीची माती हादरून सुटते. म्हणून अल्ताफ मुलाण्याच्या गॅरेजमध्ये प्रणालीने पहिल्याच दिवशी ते उतरवून घेतले होते.

जळक्या पट्ट्याबद्दल तिने भावाला फोन केला.

तो म्हणाला, फूटरेस्टचं वेल्डिंग केलं होतं, त्यात जळला असेल. मग त्याने रोपांची, पावसाची चौकशी केली, आईच्या गुडघ्याचं सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता सहज विचारावं तसं विचारलं की, आक्का, घरच्या गाडीचाही लेप वाचतीस का तू?

प्रणाली पुन्हा गाडीखाली गेली. फूटरेस्ट चार नटबोल्टांवर बसवलेला होता. वेल्डिंगचा एक थेंबही कुठे नव्हता.

त्या राखाडी पट्ट्यांना सगळे लेपच म्हणत. जादा भाराच्या गाड्या पुलांवरून जाऊन पूल खचायला लागले, तेव्हा सरकारने नव्या मालवाहू गाड्यांना तो सक्तीचा केला होता. दिसायला साधा रंग, पण त्यात मिठाच्या खड्याहून कितीतरी बारीक स्फटिक कालवलेले असत. गाडीवर भार आला की चेसिसचं पोलाद केसभर वाकतं, त्याबरोबर स्फटिक दाबले जातात आणि दाबलेला स्फटिक किंचित वीज सोडतो. तेवढी वीज पट्ट्याला आपली नोंद करायला पुरते. म्हणून लेपाला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही आणि बटण नसल्यामुळे तो बंदही करता येत नाही. त्यात घड्याळ नसतं. पण पोलाद दिवसा तापून फुगतं आणि रात्री आकसतं, आणि तेही लेपाला कळतं. झाडाच्या खोडात वर्षं मोजावीत तसे लेपात दिवस मोजता येतात.

लेप पुसायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे आच. गॅसची ज्योत धरली की स्फटिक विस्कटतात आणि पट्टा सगळं विसरतो.

प्रणालीने भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं आणि लेप वाचायचा रीडर बाळगणारी ती पंचक्रोशीतली एकटीच होती. जुनी गाडी घेणारे लोक आधी गाडी तिच्या दारात आणून लावत. गाडी किती वेळा ओव्हरलोड झाली, कधी उलटली, मालक सांगतो त्यातलं किती खरं, हे ती सांगे. तिच्या सांगण्यावरून दोन सौदे मोडले होते आणि एक लग्नही मोडता मोडता राहिलं होतं. घरच्या गाडीचा लेप मात्र ती वाचणार नव्हती. तसं कारणच नव्हतं. आता कारण मिळालं होतं.

एक पट्टा जाळला की त्याच्या जागची आठवण जाते, असं सगळ्यांना वाटे. पण चेसिस बाजेसारखी असते. बाजेच्या एका कोपऱ्यावर बसलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्याची सुतळी ताणते. डाव्या पुढच्या पट्ट्याने जे सोसलं होतं त्याचा पडसाद उरलेल्या पंधरांत विखुरलेला होता. तो गोळा करायला प्रणालीला दोन दुपारी लागल्या.

गाडीचे हादरे तिला अक्षरांसारखे ओळखू येत. स्पीडब्रेकरवर दोन्ही बाजूंची चाकं एकदम वर जातात. खड्ड्यात चाक आधी खाली जातं, मग वर येतं. दगडावर ते टोकदार उसळतं. शिवाय प्रत्येक रस्त्याचा आपला एक ठेका असतो. कॅनॉलच्या पुलाचे दोन सांधे, शाळेपुढचे तीन स्पीडब्रेकर, मग सरळ सपाट रस्ता. हा ठेका ती डोळे मिटूनही ओळखू शकली असती, कारण तो तिच्या रोपवाटिकेवरून सरगरवस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याचा होता.

त्या सपाट रस्त्यावर, गेल्या मार्गशीर्षातल्या एका दिवशी, ऊन उतरून पोलाद थंड झाल्यानंतर, गाडीची फक्त डावी चाकं कशावरून तरी गेली होती. आधी पुढचं, लगेच मागचं. चाक खाली न जाता थेट वर चढलं होतं, पण दगडावर चढतं तसं नव्हे. मऊपणे चढलं होतं. दोन चाकांमधलं अंतर तिला ठाऊक होतं, त्यावरून वेग निघाला, चाळिसाच्या आसपास. आधी ब्रेक लागला नव्हता. नंतरही नाही.

तिने दिवस पुन्हा मोजून पाहिले. मग रीडर पालथा घातला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसली.

समोर कोमल पिशव्यांत माती भरत होती. कोमल सरगर गेल्या हिवाळ्यापासून तिच्याकडे कामाला होती. तिचे वडील ज्ञानूतात्या त्याच मार्गशीर्षात त्याच सपाट रस्त्याच्या डाव्या कडेला सकाळी मेलेले सापडले होते. छाती दबली होती. गाडी कोणाची ते कळलं नाही, पंचनाम्यात अज्ञात वाहन लागलं आणि विषय मिटला. कोमलसाठी तो मिटला नव्हता. रोपं न्यायला कोणतीही गाडी आली की ती पाण्याची झारी घेऊन पुढे जाई आणि वाकून बंपर बघे. गिऱ्हाईकांना वाटे, पोरगी गाडी धुवायला आली.

आकड्यांत एक गोष्ट अशी होती की प्रणालीला त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढचं चाक नऊ सेंटिमीटर चढलं होतं आणि मागचं चौदा. दोन्ही चाकं एकाच वस्तूवरून गेली असतील तर मागचं जास्त कसं चढेल? एकच उत्तर होतं. पुढचं चाक गेल्यावर ती वस्तू उठू पाहत होती.

त्यानंतर धैर्यशील दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा येताना आईने दिलेले सांडगे घेऊन आला, पण नजर गाडीवर होती. दुसऱ्यांदा म्हणाला, चेसिसला खालून गंज धरतो, माझ्या खर्चाने गरम डांबराचा हात मारून देतो. प्रणाली म्हणाली, बघू. तिने बोलता बोलता विचारलं की, गेल्या मार्गशीर्षात तू दहिवडीला फेऱ्या मारत होतास, तेव्हा आपल्या रस्त्याने यायचास का? तो म्हणाला, छे, तेव्हा मी सगळा माल फलटणच्या रस्त्यानेच न्यायचो. ते त्याने फार चटकन सांगितलं. वर्षापूर्वी कोणत्या रस्त्याने गेलो हे एवढ्या चटकन कोणाला आठवतं?

लहानपणी आंब्याची कोय गिळली तरी आक्काला आधी येऊन सांगणारा हा पोरगा. प्रणाली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तो कढी पीत राहिला.

कोमलला सांगायचं तिने ठरवून टाकलं होतं. सकाळी ती शेडमध्ये कोमलला शोधत गेली आणि दारातच लोखंडाला ठेचकाळली. अल्ताफने उतरवून दिलेले सहा पाटे तिथे पडले होते. अंगठा हातात धरून ती उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की हिशेब चुकला आहे.

लेप उंची मोजत नाही, ताण मोजतो. ताणावरून उंची काढायची तर स्प्रिंग किती ताठ आहे ते धरावं लागतं, आणि तिने कंपनीच्या पुस्तकातला आकडा धरला होता. पाच पाट्यांचा. आता गाडीला पाचच होते. पण त्या दिवशी आठ होते. ताठ पाट्यांवर थोडं चाक चढलं तरी चेसिसला जास्त झटका बसतो. गाडी विकत घ्यायला आलेल्या परक्या माणसाला तिने पहिला प्रश्न हाच विचारला असता, किती पाटे चढवलेत. स्वतःच्या भावाला मात्र पुस्तकाप्रमाणे मोजलं.

तिने हिशेब पुन्हा केला. पुढचं चाक नऊ, मागचं आठ.

म्हणजे ती वस्तू उठली नव्हती, निपचित पडून होती. प्रणालीला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. पण नवा आकडा हाती धरून मागे-पुढे वाचत गेल्यावर तिला त्याच दिवसाचे आणखी दोन हादरे सापडले. जागा तीच, चाकंही डावीच. पहिल्या वेळी पुढचं पाच आणि मागचं तीन. दुसऱ्या वेळी पुढचं तीन आणि मागचं दोन. हे दोन्ही ऊन असतानाचे होते. पहिल्या चुकीच्या हिशेबात पुढचं-मागचं सारखंच चढल्यामुळे ते रस्त्याच्या उंचवट्यासारखे दिसले होते आणि तिने ओलांडले होते.

आणि मग मार्गशीर्ष म्हणजे काय, ते तिला कळलं. हुलगा, म्हणजे कुळीथ, निघायचे दिवस. खळी मोडून लोकांनी तिथे डाळिंबं लावली, तेव्हापासून मळणी डांबरी रस्त्यावर होते. उपटलेला हुलगा रस्त्याच्या डाव्या अंगाला अंथरायचा, दोन्ही टोकांना दगड मांडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करायचा. ओळखीचा गाडीवाला दोन चाकं मुद्दाम त्यावरून घालतो. फुकटची मळणी होते. न घालणाऱ्याला माजलेला म्हणतात. ब्रेक कोणी लावत नाही, कारण घसरत गेलं तर शेंगा रस्त्यावर फरफटतात.

वाळका हुलगा चाकाखाली दबतो आणि दबलेलाच राहतो. म्हणून मागचं चाक पुढच्यापेक्षा कमी चढतं. पाचला तीन. तीनला दोन. तिसऱ्या वेळी मात्र नऊला आठ होते.

आता आडून विचारायचं नाही, असं ठरवून ती भावाच्या घरी गेली. तो अंगणात नव्या ट्रकच्या फाळक्याला रंग देत होता. फाळक्यावर नाव लिहून घ्यायचं होतं आणि ते कोणाचं लिहायचं यावर घरात वाद चालू होता. बायको म्हणे मुलीचं, आई म्हणे कुलदैवताचं. प्रणालीने त्याला म्हसवडला काम आहे म्हणून गाडीत घेतलं, कॅनॉलचा पूल ओलांडून त्या सपाट रस्त्यावर आणलं आणि गाडी उभी केली.

"फूटरेस्टला वेल्डिंग न्हाय," ती म्हणाली. "आणि तू फलटणच्या रस्त्यानं गेला न्हवतास."

धैर्यशील काचेतून पुढे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "समदं वाचलंस?"

"तीन फेऱ्या. दोन उन्हात, एक अंधार पडल्यावर."

मग तो बोलायला लागला. उन्हाच्या वेळी ज्ञानूतात्यानेच हात केला होता. चेष्टा केली होती की, विरकरांची गाडी लय सुखात दिसती, जरा आमच्या हुलग्यावरनं फिरव की. त्याने एकदा घातली, पुढे जाऊन वळवली, मागे आला आणि त्याच दिशेने पुन्हा घातली. तात्याने दोन्ही हात जोडून रामराम केला. दहिवडीची पहिली फेरी उरकून पुन्हा माल घेऊन निघाला तेव्हा अंधारलं होतं, थंडी पडली होती. दिव्याच्या उजेडात हुलगा पुन्हा जाड अंथरलेला दिसला. तात्याने दुसरा थर टाकलाय असं त्याला वाटलं. तात्या कुठे दिसला नाही. घरी जेवायला गेला असेल म्हणून याने आपला धर्म पाळला आणि डावी चाकं त्यावरून घातली.

"बॅटरीची गाडी," तो म्हणाला. "आवाज न्हाय काय न्हाय. जुनी डिझेलची असती तर मेलेला माणूस जागा झाला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी कळली. मयताला तो गेला होता, पण कोणाच्या तोंडाकडे बघवेना. आठवडाभराने अल्ताफभाई नमाजाला गेलेला असताना त्याच्या गॅसने पट्टा जाळला.

"पट्टा बी चुकीचाच जाळला म्हण की," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

"तुला काय वाटतं? खरं सांग."

"हुलगाच व्हता, आक्का. रोज निजताना मी ते चाक पुन्हा वर नेतो. हुलगाच असतो. मग एखाद्या दिवशी नसतो." त्याने बोट खाली चेसिसकडे केलं. "अजून पंधरा हायत. अल्ताफभाईचा गॅस हाय. घरची गाडी, घरातली गोष्ट."

भाऊ खरं बोलतो आहे की पुरेसं खरं बोलतो आहे, ते प्रणालीला ठरवता येईना. इथवर त्याचं प्रत्येक वाक्य लेपाशी जुळत होतं, पण लेपात काय सापडलं ते त्याला सांगूनच तिने बोलायला लावलं होतं. रस्त्यावरून एक दुचाकी गेली, आणि चालवणाऱ्याने ओळखून हात केला. दोघांनीही सवयीने हात वर केला.

"दुसरा थर जाड असंल तर नऊ चढू शकतं," ती शेवटी म्हणाली. "पण मागचं आठ चढंल का, ते मला ठाऊक न्हाय. ओला-सुका, थंडीतला हुलगा किती परत उसळतो, ते कुठल्या पुस्तकात न्हाय. घालून बघावं लागंल. हाच रस्ता, हीच गाडी, तेवढाच थर."

"आणि मागचं तेवढंच चढलं तर?"

"तर हुलगाच व्हता. तात्याला दुसऱ्याच कुणी तरी उडवलं."

"आणि कमी चढलं तर?"

"तर नुसता हुलगा न्हवता," ती म्हणाली. धैर्यशीलने काच खाली केली आणि बाहेर थुंकला.

"मीच चालवतो," तो म्हणाला. "मलाबी कळू दे."

कोमलला सांगताना प्रणालीने काहीही गाळलं नाही. जळका पट्टा, फलटणचा रस्ता, नऊ आणि आठ, सगळं सांगितलं. कोमलचे हात मातीच्या पिशवीत तसेच राहिले.

"ह्या गाडीचा बंपर मी दोन वेळा बघितला, ताई," ती म्हणाली. "तुम्ही ओट्यावरनं मला बघत होता."

प्रणाली हो म्हणाली.

"किती दिवस झाले?"

"दीड महिना."

कोमलने पिशवी भरून संपवली, वरची माती दाबली, रांगेत ठेवली. मग आणखी एक भरली. प्रणालीला वाटलं ती उठून निघून जाईल, पोलिसांत जाईल, किंवा निदान रडेल. कोमल म्हणाली की त्यांचा हुलगा पंधरा दिवसांनी निघेल. दुसऱ्या कोणाचा घेऊ नका. बा किती जाड थर टाकायचा ते मला ठाऊक आहे, मीच टाकीन. आणि तुमच्या भावाला सांगा, गाडीच्या पट्ट्यांना तोवर हात लावायचा नाही. रीडर आजपासून माझ्याकडे राहील.

प्रणालीने रीडर तिच्या हाती दिला.

गाडी होती तशी करायची तर पाटे पुन्हा चढवायला हवे होते. हौद्यातली मांडणी उतरवली, शेडनेटचं छत काढलं आणि गाडी अल्ताफकडे नेली. अल्ताफने सहा पाटे बघितले, मग प्रणालीकडे बघितलं.

"ताई, रोपं नेणार का दगड? महिन्यात उतरवता, महिन्यात चढवता. गाडी हाय का लेकुरवाळी सून, माहेरला ने आणि सासरला आण?"

प्रणाली हसली नाही, तेव्हा तोही गंभीर झाला. पाटे बांधून, ग्रीस भरून, नट आवळून झाल्यावर हात पुसत म्हणाला, गेल्या साली माझ्या गॅसची टाकी एकदा मी ठेवली त्याहून हलकी लागली होती. मी कोणाला विचारलं नाही, आणि आजही विचारत नाही. प्रणालीला तो दिलासा वाटला नाही. एवढ्या माणसांना एवढं थोडं थोडं ठाऊक होतं, आणि वर्षभर सगळे एकमेकांना रामराम करत होते.

त्या पंधरा दिवसांत धैर्यशील एकदाही आला नाही. आईचा फोन आला की, तुमच्यात काय बिनसलंय? तो ट्रकवर नाव घालू देत नाही, रंगाचा डबा तसाच सुकून गेला. प्रणाली म्हणाली, काही नाही. कोमल रोज कामाला येत होती, रोपांना पाणी घालत होती आणि रीडर ओढणीच्या टोकात बांधून कमरेला खोचत होती. जेवायला मात्र आता ती वेगळी, बांधावर बसत होती.

हुलगा निघाला. ठरल्या दिवशी ऊन कलल्यावर कोमलने रस्त्याच्या डाव्या कडेला पहिला थर अंथरला. टोकांना दगड मांडले. धैर्यशील वेळेवर आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. गाडी एकदा गेली, वळून मागे आली आणि त्याच दिशेने पुन्हा गेली. रीडर कोमलच्या हातात होता. पहिल्या फेरीत पुढचं पाच, मागचं तीन. दुसऱ्या फेरीत पुढचं तीन, मागचं दोन. वर्षापूर्वीच्या लेपाशी आकडा न् आकडा जुळला. गाडी तीच, रस्ता तोच, हात तोच, आणि मोजमाप बरोबर चाललं आहे याची आता कोणाला शंका उरली नाही.

मग थांबायचं होतं. अंधार पडून दव धरू द्यायचं होतं, त्या दिवशी होतं तसं. तिघं रस्त्याच्या कडेला तीन ठिकाणी बसली. बऱ्याच वेळाने धैर्यशील कोमलला म्हणाला, तात्यांनी मला रामराम केला होता. कोमल म्हणाली, ते सगळ्यांनाच करायचे.

अंधारात ती उठली आणि दुसरा थर टाकायला लागली. दोन्ही हातांनी कवा भरून हुलगा आणायची, झटकून अंथरायची, पायाने चाचपून बघायची. गुडघ्याच्या वाटीपर्यंत आला तेव्हा थांबली. मधे एका ठिकाणी तिने हाताने थर सारखा केला आणि म्हणाली, आमच्या बाला थंडी सोसायची नाही, राखण करताना तो ह्यात शिरून झोपायचा. हे ती आजवर पोलिसांना सोडून कोणाला म्हणाली नव्हती, आणि पोलिसांनी ते लिहून घेतलं नव्हतं. हुलग्यात रात्री माणूस असू शकतो हे गाडीवाल्याला ठाऊक नसावं का, असं तिने विचारलं. धैर्यशील म्हणाला, आमच्या घरी हुलगा नसतो. प्रणालीला ते खरं वाटलं. मग तिला आठवलं की आजोळी हुलगा असायचा.

तीन वेळा मोजायचं ठरलं होतं, आणि प्रत्येक वेळी थर नवा टाकायचा. धैर्यशील गाडीत जाऊन बसला. मागे पुलापाशी जाऊन त्याने दिवे लावले. गाडी आली तेव्हा आवाज असा काही नव्हता, नुसता उजेड मोठा होत गेला आणि टायरखाली शेंगा तडकल्या. त्याने ब्रेक लावला नाही. पुढे जाऊन थांबला, उतरला आणि दार उघडं टाकून चालत परत आला.

कोमलने रीडर चेसिसला लावला, आकडे आले ते बघितले आणि रीडर प्रणालीपुढे धरला.

"मोठ्यानं वाचा, ताई."

प्रणालीने वाचलं. पुढचं चाक नऊ सेंटिमीटर, मागचं चार.

त्या रात्रीचं मागचं आठ होतं. कोमलने दबलेला हुलगा ओढून बाजूला केला आणि नवा थर टाकला. ह्या वेळी धैर्यशीलनेही कवा भरून आणून दिल्या आणि तिने त्या घेतल्या. गाडी पुन्हा पुलापाशी गेली, पुन्हा आली. पुढचं चाक साडेआठ, मागचं चार.

तिसरा थर तिने पायाने दोनदा चाचपून बघितला आणि त्यावर आणखी एक कव टाकली. पुढचं चाक नऊ सेंटिमीटर, मागचं साडेचार.